सगळ्यात मागे कोण असतं?

पत्र थोडक्यात: कोथरूडला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४४. टेकडीवर चालायला जाता जाता दीड वर्षापूर्वी त्या पळायला लागल्या. आता आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी पाच किलोमीटर, एकट्याच पळतात. पेस किलोमीटरला आठ मिनिटांच्या आसपास. डिसेंबरात पहिली हाफ मॅरेथॉन पळायची इच्छा आहे. घराजवळून दर रविवारी पहाटे सव्वापाचला एक गट लाँग रनला निघतो, १२ ते १६ किलोमीटर पळतो. त्या गटाच्या व्हॉट्सॲपवर ताई तीन महिने आहेत, पण गेल्या एकदाही नाहीत. "त्यांच्यातल्या सगळ्यात हळू लोकांचाही पेस सव्वासात आहे. माझ्यासाठी वीस-पंचवीस जणांनी ताटकळत उभं राहायचं, ही कल्पनाच नको वाटते. आधी एकटीने दहा किलोमीटर जमवावेत, पेस सातवर आणावा आणि मग जावं, असं दर रविवारी ठरवते. अहो म्हणतात, पळायला माणसं कशाला लागतात? सासूबाई काही बोलत नाहीत, पण रविवारचा नाश्ता आमच्याकडे सगळ्यांचा एकत्र असतो. जाऊ की नको?"

---

ताई, तुमच्या पत्रात एक हिशोब करायचा राहून गेलाय, तो आधी करू. तुम्ही किलोमीटरला आठ मिनिटं घेता, ते सव्वासात. फरक पाऊण मिनिटाचा. दहा किलोमीटर सगळ्यांनी एकदम सुरू केले तर तुम्ही त्यांच्यामागून साडेसात मिनिटांनी पोचाल. म्हणजे चहाला नीट उकळी यायला लागतो तेवढा वेळ. तोवर ती मंडळी फुटपाथच्या कठड्यावर पाय टाकून स्ट्रेचिंग करत असतात, कुणी बुटातला खडा काढत असतं, कुणी घड्याळातले आकडे दुसऱ्याला दाखवत असतं. लाँग रननंतरचा हा कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटं चालतोच. तुमच्यासाठी वेगळं थांबायची वेळ त्यांच्यावर येतच नाही.

पण खरी अडचण साडेसात मिनिटांची नाहीच, हे मलाही कळतं. सगळ्यात शेवटी येताना तुमच्याकडे पंचवीस चेहरे वळतील, ही ती अडचण. म्हणून "मी त्या गटाच्या लायक आहे का" हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारा: त्या गटात सगळ्यात मागे कोण असतं, आणि त्याच्याबरोबर कोण असतं? गटाची पारख पुढच्या टोकाकडून करू नये, शेपटाकडून करावी. पुढचे पाच जण कुठल्याही गटात छानच पळतात. शेवटच्या माणसाची सोय केलेली आहे का, यावर तो गट तुमचा की नाही हे ठरतं.

पळण्याच्या जगात ही सोय नवी नाही. लंडनच्या बुशी पार्कात २००४ साली १३ धावपटूंनी सुरू केलेला 'पार्करन' आज कितीतरी देशांत दर शनिवारी होतो, पाच किलोमीटरचा. तिथे 'टेल वॉकर' नावाचा एक स्वयंसेवक असतो आणि त्याचं काम एकच, सगळ्यांच्या मागे राहायचं. त्यामुळे शेवटचा नंबर कायम त्याचा, तुमचा कधीच नाही. त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. अमेरिकेतले नावाजलेले प्रशिक्षक बिल बॉवरमन, पुढे नायकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, १९६२-६३च्या सुमारास न्यूझीलंडला तिथले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांच्याकडे गेले. लिडियर्ड त्यांना ऑकलंडच्या हौशी मंडळींबरोबर पळायला घेऊन गेले. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन पहिल्याच चढाला मागे पडले. त्यांच्यासोबत मागे थांबून गप्पा मारत त्यांना घेऊन आले ते सत्तरी पार केलेले, हृदयविकाराचे झटके पचवलेले एक गृहस्थ. बॉवरमन मायदेशी परतले ते 'जॉगिंग' हा शब्द आणि रविवारी जमून पळायची ही रीत घेऊनच. म्हणजे ज्याच्यामुळे अमेरिकेत साधी माणसं पळायला लागली, तोही गटात पहिल्या दिवशी शेवटचाच होता.

आता तुमचा बेत: आधी दहा किलोमीटर, सातचा पेस, मग गट. यातला पहिला भाग जमण्यासारखा आहे, पण उलट्या क्रमाने मांडलाय. दहापर्यंत एकटीने पोचणं बहुतेकांना अवघड जातं ते दमामुळे नव्हे. सहाव्या-सातव्या किलोमीटरला कंटाळा येतो, आणि घर डाव्या हाताला दिसत असतं. गटाचा खरा उपयोग तिथेच आहे. दुसरा भाग, पेस सातवर आणायचा, हा तर लाँग रनशी जुळतच नाही. लाँग रन हळूच पळायचा असतो. पायांना जास्त वेळ चालतं ठेवायचं, हृदयाला आणि स्नायूंना लांब पल्ल्याची सवय लावायची, स्नायूबंध आणि हाडांना धक्के सोसायला शिकवायचं, यासाठी तो असतो. यातलं हाड आणि स्नायूबंध सगळ्यात सावकाश तयार होतात. दम महिन्या-दोन महिन्यांत वाढतो, नडगी मात्र मागेच असते. घाई करणाऱ्यांच्या नडग्या, टाच आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते ती त्यामुळे.

तुम्ही आठने पळता. लाँग रन साडेआठने पळा. वेग बरोबर आहे की नाही हे कळायला घड्याळ नको. शेजारी पळणाऱ्या बाईला काल भरली वांगी कशी केली ते सांगायला लागा. मसाल्यात काय काय घातलं, हे पूर्ण वाक्यांत सांगता आलं तर वेग योग्य. "दाण्याचं कूट... तीळ... गूळ..." असं तुटक यायला लागलं की वेग कमी करा. मनगटावरच्या घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके पळताना बऱ्याचदा चुकतात, पट्टा सैल असला की हमखास. वांग्याची भाजी चुकत नाही.

आणि मध्ये चाललात तर ते पळणं नाही, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले जेफ गॅलोवे पुढे आयुष्यभर लोकांना पळत-चालत लांब पल्ला कसा गाठायचा हेच शिकवत राहिले. चार मिनिटं साडेसातच्या पेसने पळा आणि एक मिनिट भराभर चाला, दहाच्या पेसने. याची सरासरी किलोमीटरला आठ मिनिटांच्या किंचित आतच येते. म्हणजे न थांबता जो वेग राखता तोच, आणि शेवटच्या तीन किलोमीटरना पाय शिल्लक राहतात. अट एक: चालणं पहिल्या पाच मिनिटांपासून सुरू करायचं. दमल्यावर चालायला लागलात तर त्याचा फायदा निम्मा होतो.

आता गटाकडे. जायच्या आधी व्हॉट्सॲपवर विचारायची सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे मार्ग कसा असतो. मार्ग तीन तऱ्हेचे. एक, फेऱ्यांचा: विद्यापीठाच्या आवारात किंवा एखाद्या सोसायटीच्या परिसरात दोन-तीन किलोमीटरचा वळसा पुन्हा पुन्हा. पाणी एकाच जागी ठेवलेलं असतं, कुणीही कधीही थांबू शकतं, आणि पुढचे लोक तुम्हाला सतत ओलांडत असल्यामुळे कोण पहिलं नि कोण शेवटचं हे कुणालाच कळत नाही. नव्या माणसासाठी हा सगळ्यात सुखाचा मार्ग. जरा कंटाळवाणा असतो, एवढंच. दुसरा, जाऊन परत यायचा. तिसरा, एका ठिकाणी सुरू करून भलतीकडे संपवायचा आणि तिथून गाडीने परत. लोणावळ्याकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याला गट जातात तेव्हा असं करतात. तिसरा प्रकार पहिले दोन महिने टाळा, कारण तिथे मागे पडणाऱ्यासाठी गाडी खरोखरच ताटकळते.

जाऊन परत यायचा मार्ग असेल तर वळायचं अंतरावर ठरतं की वेळेवर, हेही विचारा. अंतरावर ठरत असेल तर सगळे आठव्या किलोमीटरला वळतात, पुढचे लवकर संपवतात नि मागचे उशिरा. वेळेवर ठरत असेल तर गंमत बघा. सव्वापाचला जमले, दहा मिनिटं वॉर्म-अप, पाच पंचवीसला सुरुवात, सहा दहाला जो जिथे असेल तिथून माघारी. सहाच्या पेसचा माणूस साडेसात किलोमीटरवरून वळतो, तुम्ही साडेपाचच्या जरा पुढून. दोघंही पावणेसात ते सातच्या दरम्यान सुरुवातीच्या जागी. त्याचे पंधरा झाले, तुमचे सव्वाअकरा, आणि कुणी कुणासाठी थांबलं नाही. तुमचा गट अंतरावर वळत असला तरी तुम्ही वेळेवर वळू शकता. त्यासाठी परवानगी लागत नाही, फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

बाकी पारख अशी. शनिवारी संध्याकाळपर्यंत मार्ग, वळायच्या जागा आणि पाण्याच्या जागा ग्रुपवर येतात का? मागे राहणारा स्वीपर ठरलेला असतो, की "कुणीतरी असतं" असं उत्तर येतं? कुणाला चक्कर आली तर गाडी कोणाची, हे माहीत असतं का? मुख्य रस्त्यावर पाच-पाच जण हातात हात घातल्यासारखे आडवे पळतात की दोघांच्या ओळीत? याची उत्तरं नीट आली तर वीस जणांचा अनोळखी गटही चालेल. आली नाहीत तर ओळखीचा असूनही नको. फी आकारणारा गट असला आणि प्रशिक्षक असला म्हणून हे सगळं असेलच असं समजू नका. बिनपैशाच्या गटांत ही व्यवस्था कित्येकदा जास्त चांगली असते, कारण ती कुणीतरी हौसेने करत असतं.

आता अंतराचं. आत्ता तुमचे आठवड्याला पंधरा किलोमीटर होतात. त्यात एकदम रविवारचे चौदा घातले तर आठवडा जवळजवळ दुप्पट होईल. गटाबरोबर जाणं म्हणजे गटाएवढं पळणं नव्हे. पहिल्या रविवारी सात करा: साडेतीन किलोमीटरला वळा, बाकीच्यांना पुढे जाऊ द्या. मग आठ, मग नऊ, आणि चौथ्या रविवारी पुन्हा सात. हा उतरता रविवार गाळू नका. शरीर दुरुस्तीचं काम त्या आठवड्यात करतं. पुढे दहा, अकरा, बारा, आणि नऊ. मग तेरा, चौदा, पंधरा, आणि अकरा. मग सोळा, सतरा, अठरा, आणि तेरा. त्यानंतर एकदा अठरा-एकोणीस, मग चौदा, मग दहा, आणि मग शर्यत. जुलैच्या चौथ्या आठवड्यापासून धरलं तर हे वीस रविवार डिसेंबरच्या सुरुवातीला संपतात. मधला एखादा रविवार लग्नात किंवा तापात गेला तर तो भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट पळू नका. आधी जिथे होतात तिथूनच पुढे चला. रविवार बारावर गेला की मधल्या दिवसांपैकी एक दिवस पाचवरून हळूहळू सात-आठवर न्या, नाहीतर सगळा भार एकाच सकाळवर येतो.

हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. आठच्या पेसने दोन तास एकोणपन्नास मिनिटं, साडेआठने तीन तासांना मिनिटभर कमी. प्रवेश घेताना शर्यतीची वेळमर्यादा तेवढी वाचून घ्या.

गटाचा तोटाही सांगायला हवा. गट ओढतो. पहिले दोन किलोमीटर गार हवेत, गप्पांत, अंधारात पळताना पेस साडेसातचा कधी झाला कळत नाही, आणि त्याचं बिल नवव्या किलोमीटरला येतं. म्हणून पहिले दोन किलोमीटर मुद्दाम नकोसे वाटतील इतके हळू पळा. ग्रुपवर महिन्याच्या किलोमीटरचे तक्ते येतील, त्यांना म्यूट करा. "या वर्षी मुंबईची फुल मॅरेथॉन टाकूया" असं कुणीतरी दुसऱ्या महिन्यात म्हणेलच. तेव्हा कानाआड करा. पळण्याची नोंद ठेवणारं स्ट्रावा ॲप वापरत असाल तर घराभोवतीचा भाग नकाशात दिसणार नाही अशी सोय त्यात असते, ती आजच चालू करा. पहाटे एकटी बाई कुठून निघते हे जगाला कळायचं कारण नाही. मधल्या तीन दिवसांत मात्र एकटीच पळा. अहो म्हणतात ते त्या दिवसांपुरतं खरं आहे: आपला स्वतःचा वेग कोणता हे एकटीलाच कळतं.

शनिवारी रात्री वरणभात किंवा खिचडी, साडेनऊच्या आत झोप. मिसळ, छोले, राजमा, उसळी शनिवारी नकोत. कारण पाचव्या किलोमीटरला पोट बोलायला लागलं की एक तर पेट्रोल पंप शोधायचा, नाहीतर मान खाली घालून रिक्षा. मार्गावर स्वच्छतागृह कुठे आहे हे गटातल्या बायकांना नक्की माहीत असतं. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, लाजू नका, त्या स्वतःहून सांगतात. पहाटे साडेचारला एक केळं आणि अर्धा कप चहा पुरे. संकष्टी किंवा एकादशी रविवारी आली तर लाँग रन शनिवारी करा, निर्जळी पोटी पंधरा किलोमीटर नकोत.

पाण्याबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक, काहीच न पिणं. दुसरी, भीतीने सतत साधं पाणी पिणं. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाजतात. तासाभराच्या आतल्या रनला तहान लागेल तेव्हा प्या. त्यापुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट. नेमकं किती, हे कळायचा घरगुती उपाय आहे: निघण्याआधी आणि आल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे प्यायलात त्यापेक्षा साधारण लिटरभर घाम जास्त गेला. वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात, पुढच्या वेळी कमी. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर लिहिलेल्या मापाने, बहुतेकदा एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर पोट ढवळतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दीड तासापेक्षा जास्त पळायला लागलात की ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात पंचवीसेक असतात. खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, गूळ-शेंगदाण्याची चिक्की यांवर पुण्यातली निम्मी लाँग रन मंडळी पळतात. विकतचं एनर्जी जेलच हवं असं नाही. जे शर्यतीत खायचं ते आधी चार रविवार खाऊन बघितलेलं असावं.

कपड्यांत सुती काहीच नको, मोजे तर नकोतच. भिजलेला सुती मोजा दहाव्या किलोमीटरला फोड उठवतो. काखेत, मांड्यांच्या आत आणि स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या शिवणीखाली व्हॅसलीन लावा. हे विसरलात तर आंघोळीच्या पहिल्या तांब्यालाच आठवेल. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळ वरून चांगला दिसला तरी आतली गादी बसलेली असते.

सध्या पावसाचे दिवस आहेत, म्हणून एवढं जास्त: पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ, चेंबरची झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे यांवर पाय घसरतो, अंधारात अगदी नक्की. टोपीला पुढे छज्जा असावा, म्हणजे डोळ्यांत पाणी जात नाही. बूट भिजले की आतले तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा हीटरसमोर ठेवले तर डिंक सुटतो.

रस्त्याच्या उजव्या कडेने पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. पाठीवर लाल लुकलुकता दिवा, अंगावर चमकणारा पट्टा, कानात काही नाही. कुत्री धावून आली तर पळणं थांबवून चालायला लागा, डोळ्याला डोळा देऊ नका. गटात असताना हा प्रश्न निम्मा सुटतो, त्यांचंही धाडस कमी होतं. खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, रक्तगट आणि शंभराची नोट. रन संपल्यावर लगेच खाली बसू नका किंवा स्कूटरवर टांग टाकू नका. पाच-दहा मिनिटं चाला, नाहीतर पायांत साचलेल्या रक्तामुळे गरगरतं.

दुखण्याबद्दल एक ढोबळ नियम. पळायला लागल्यावर दोन किलोमीटरमध्ये कमी होणारं दुखणं बघत बघत पळता येतं. वाढत जाणारं, किंवा चालीत लंगड आणणारं दुखणं आलं की तिथेच रिक्षा. नडगीच्या आतल्या कडेवर वीतभर पट्टा दुखत असेल तर दोन आठवडे अंतर कमी करून बघा. पण एका बोटाने दाबल्यावर एकच बिंदू ठणकत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं बंद, हाडांचे डॉक्टर. पळायच्या आधी वेदनाशामक गोळी कुणी देऊ केली तर घेऊ नका. दुखणं झाकतं आणि घामेजल्या अंगात मूत्रपिंडांवर ताण येतो. वयाच्या ४४व्या वर्षी अंतर वाढवण्याआधी एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासा. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा पळताना छातीत दाब, धडधड, भोवळ असं काही जाणवलं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लाँग रन नकोच.

राहिला रविवारचा नाश्ता. तुम्ही लिहिता की सासूबाई काही बोलत नाहीत. मग त्यांना विचारलंय का? तुमच्या पहिल्या रविवारचं गणित असं: सव्वाचारला उठणं, पाचला निघणं, सहा पंचवीस-तीसला तुमचे सात किलोमीटर संपणार, साडेसहा-पावणेसातला स्ट्रेचिंग, सातला घरी. नाश्ता साडेआठच्या आत कुणाच्याच घरी होत नाही. अगदी अठरा किलोमीटरच्या रविवारीही सव्वापाचचा गट तुम्हाला साडेआठला घरी सोडू शकतो. वेळ खातं ते पळणं नव्हे, त्यानंतरची टपरी. एका चहावर दुसरा, मग पोहे, मग कुणाचा तरी वाढदिवस, आणि साडेनऊ. सुरुवातीचे रविवार टपरीवर फक्त एक चहा घ्या, उभ्याने. घरी "बघू, आठ-नऊला येईन" असं सांगू नका. वेळ सांगा आणि त्या वेळेला या. महिन्यातला एक रविवार, उतरता असतो तोच, पूर्णपणे घरचा ठेवा आणि तो रन शनिवारी उरका. घरचा विरोध बहुतेक वेळा पळण्याला नसतो, पहाटे गेलेली बाई कधी परत येणार हे माहीत नसण्याला असतो. अहोंना हवं तर एका रविवारी सायकलवर पाणी घेऊन मागून बोलवा. कित्येक गटांत पाणी पोचवणारी सायकल ही सगळ्यात मानाची जागा असते.

आणि तो गट जमलाच नाही तर? टेकडीवर चालणाऱ्यांत तुमच्यासारखी आठ-साडेआठने पळणारी एक तरी असतेच. दोघी झाल्या की गट झाला. फक्त दोन नियम आधीच ठरवा: कितीही पाऊस असला तरी ठरलेल्या जागी पाच मिनिटं थांबायचं, आणि जी मागे असेल तिच्या वेगाने पळायचं.

तोवर या शनिवारी संध्याकाळी गटाच्या ॲडमिनना असा निरोप पाठवा: "नमस्कार. उद्या पहिल्यांदा येत आहे. माझा पेस आठ-साडेआठ, सात किलोमीटर करून परत फिरणार आहे. साडेतीन किलोमीटरपर्यंत मागे कुणी सोबत असेल का? नसेल तर मार्गाचा नकाशा पाठवा, मी माझी येईन." उत्तर काय येतं ते नीट वाचा. "या, मागे राहणारा स्वीपर ठरलेला आहे" असं आलं तर सव्वाचारचा गजर लावा. "जमेल ना तुम्हाला?" असं आलं तर आभार मानून निरोप घ्या, आणि टेकडीवरच्या त्या दुसरीला फोन करा.